दिवा विझवणारा आप्पा

सिद्धलिंगप्पाला अख्ख्या नवी पेठेत आप्पाच म्हणायचे. सकाळी कापडाच्या दुकानापुढं मालकाची गाडी लावली की हातात टॉमी घेऊन तो चारी चाकांभोवती फिरायचा. टॉमी म्हणजे चाक खोलायचा लोखंडी दांडा. एकेका टायरवर ठोका टाकायचा, मान वाकडी करून ऐकायचा आणि आपल्याशीच म्हणायचा, "ठीक हाय."

ही सवय ट्रकवरची. जवानीत त्यानं टेंभुर्णीच्या बाजूनं साखरेची पोती वाहिली होती. ट्रकला मागं जोडचाकं. आतलं चाक बसलं तरी बाहेरचं भार धरून उभं राहतं, डोळ्याला काही कळत नाही. ठोका मारला की भरलेलं चाक टॉमी उडवून लावतं, बसलेलं भद्दकन् गिळतं. त्या आवाजावर आप्पाचं आयुष्य चाललं. इंजिनानं उजवा कान कधीच खाल्ला होता. आता डावाही विझत आला होता, पण ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. बायकोला, बसव्वाला, सांगायची गरजच नव्हती. ती हाक मारायची सोडून थेट ओरडायला लागली होती.

थोरले मालक गेले आणि दुकान त्यांच्या मुलाकडं, मृत्युंजयकडं आलं. ह्या मृत्युंजयला आप्पानंच होम मैदानावर गाडी शिकवलेली. तेव्हा तो 'मृत्युंजया' होता, आता मालक. मालकांनी नवी गाडी घेतली आणि पहिल्याच महिन्यात स्टिअरिंगमागं पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालासारखा, मधे उद्गारचिन्ह.

"आप्पा, हे काय लागायलंय?"

"काय न्हाय मालक. नवी गाडी, नवी नाटकं."

शोरूमवाल्या पोरीनं, रेश्मानं, आप्पाला गाडीत बसवून समजावलं. टायर गार असताना चारींत हवा भरायची, किती ते दारात चिकटवलेल्या पट्टीवर बघायचं. मग हे बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं. आप्पानं मान हलवली. हवा कशी बघायची हे कालची पोर आपल्याला सांगणार? त्यानं त्यातलं बटण तेवढं घेतलं.

दिवा पुन्हा लागला, तेव्हा मृत्युंजय गिऱ्हाइकांसमोर हसत म्हणाला, "आप्पा, हा दिवा परत दिसला तर दुसरा ड्रायव्हर बघावा लागंल बरं का."

सगळे हसले. आप्पाही हसला. घरी जेवताना मात्र तो बसव्वाला म्हणाला, "स्टिअरिंग गेलं तर मी कोण गं? दुकानातला हमाल?"

"मग दिवा लागू देऊ नका की!" बसव्वा कानाशी येऊन ओरडली.

तेवढं तर सोपं होतं. दिवा लागला की टॉमी घ्यायची, ठोका टाकायचा, "ठीक हाय" म्हणायचं आणि बटण दाबायचं. दिवा विझायचा. मालक खूश.

टेंभुर्णीला नात्यात साखरपुडा होता. मृत्युंजयची आई, जिला सगळे अव्वा म्हणत, आणि बायको हेमावती मागं बसल्या. निघताना दिवा लागलेला. आप्पानं ठोके टाकले, बटण दाबलं आणि गाडी हायवेला घेतली. मोहोळ मागं पडलं तशी हेमावती म्हणाली, "आप्पा, मागं कायतरी फडफडतंय."

आप्पाला काही ऐकू आलं नाही. तिनं परत मोठ्यानं सांगितलं.

"एन इल्ला, अक्का. काय न्हाय. रस्ताच तसला हाय."

पुढं थोड्याच अंतरावर मागचा डावा टायर फाटला. गाडी सरकली. आप्पानं ब्रेकला पाय लावला नाही, स्टिअरिंग दाबून धरलं आणि शेजारच्या ट्रकला चुकवत गाडी कडेला आणून थांबवली. दुसरा कुणी असता तर उलटलीच असती. पण अव्वांचं कपाळ काचेवर आपटून सुजलं होतं. त्या रडत होत्या, तिथं ह्या कौतुकाला कुठली जागा?

पंक्चरवाल्यानं टायरच्या चिंध्यांतून गंजका खिळा काढून दाखवला. "लई दिवसाचा हाय. दिवा न्हाय लागला?"

"नाही लागला," हेमावती म्हणाली.

आप्पा टॉमी पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी मृत्युंजय त्याला घेऊन शोरूमवर भांडायला गेला. "माझी आई मेली असती! तुमचा दिवाच खोटा हाय!" रेश्माचे साहेब तिच्याकडं बघायला लागले. ती बिचारी पांढरी पडली, तरी आवाज न चढवता म्हणाली, "सर, ही गाडी हवा मोजत नाही, चाकाचं फिरणं बघते. हवा कमी झाली की चाक इवलंसं लहान होतं, जास्त फिरतं, म्हणून दिवा लागतो. बटण दाबलं की आत्ता आहे तेवढीच हवा बरोबर, असं गाडी धरून चालते. हवा न भरता कुणी दाबलं होतं का?"

मृत्युंजयनं वळून पाहिलं.

"मी दाबलं," आप्पा म्हणाला.

"अहो, मग मला सांगायचं नाही? वेड लागलंय का?"

"तुमी दिवा नको म्हणाला, मालक. हवा भर असं न्हाय म्हणाला."

कुणी हसलं नाही. आप्पालाही ते बोलून गार वाटलं नाही. टॉमी आपल्याला कधीपासून फसवत होती, हेच तो आठवत होता.

त्याला काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. मृत्युंजय आता स्वतः गाडी चालवतो आणि आप्पा ती पुसतो. पेठेत कुणी विचारलं तर मालक म्हणतात, "जुना माणूस हाय, जाईल कुठं?" आप्पाला ऐकू येत नाही असं समजून हे त्याच्यासमोरच म्हणतात.

गड्ड्याच्या जत्रेचे दिवस आले, थंडी पडली. सकाळी आप्पा पुढची काच पुसत होता. मृत्युंजयनं गाडी चालू केली आणि काचेतून आप्पाला पिवळा नाल दिसला. मालकांना घाई होती. एका हातानं फोन कानाला, दुसऱ्या हाताचं बोट बटणावर. दिवा लुकलुकला आणि विझला.

आप्पा फडकं टाकून दाराशी धावला. काचेवर हात मारला. आतून मृत्युंजयनं 'नंतर, नंतर' असा हात केला आणि गाडी गर्दीत घुसली.

रात्री जेवताना ऐकून बसव्वा भडकली, "अवो, मग सांगितलं न्हाय व्हय त्यास्नी?"

"सांगितलं की," आप्पा म्हणाला. "काच वर हुती."