पेपरवेटमधलं हिरवं फूल

मंडळी, आज दुपारी मुलाबरोबर त्याच्या साहेबांकडे जेवायला गेले होते. डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

साहेबांना काचेचे पेपरवेट जमवायचा नाद. कपाट भरलंय नुसतं. एक हातात देऊन म्हणाले, "आंटीजी, सौ साल पुराना है, विलायती. सफेद फूलों के गोल में ये एक हरा फूल देखिए. कारीगर की निशानी है."

मला हसूच आलं. नोएडाच्या कारखान्यात नऊ वर्षं मी हेच केलंय. रंगीत काचेच्या कांडीचे तुकडे चिमट्याने गोल मांडायचे, त्यांचीच फुलं होतात.

म्हटलं, "कैसी निशानी साहेब? सफेद कम पड़ा तो हम हरा लगा देते थे. ये हमारा माल है."

साहेबांचं तोंड उतरलं. मुलगा पटकन म्हणाला, "सर, मम्मी मज़ाक कर रही है. वो तो घर पे ही रहती थी."

हा लहान असताना कारखान्यात नापास झालेले पेपरवेट मी याला खेळायला आणायचे. "माझ्या आईने केलंय" म्हणून गल्लीभर दाखवत फिरायचा.

ते फूल साहेबांच्या कपाटात चालतं. मग ते लावणारी आई का चालत नाही? सांगा तुम्हीच.