तोवरचं बोला

अन्याय झाला तो आनंदीबाई परब यांच्यावर. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या सोमवारी, पहाटे नळाला पाणी आलं त्या वेळी, डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. त्याच मजल्यावरच्या मापारींनी त्यांचा हंडा रांगेतून उचलला आणि जिन्याच्या पायरीवर नेऊन ठेवला. वर बोलून दाखवलं, ‘परदेशी माणसाचं भांडं आमच्या रांगेत नको.’ मारहाण नाही, शिवीगाळ नाही. पण ज्या बिऱ्हाडाला पाणी नाही ते किती दिवस टिकतं, हे चाळीत राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

परदेश कुठला, तर गोव्यातलं पेडणं. आरोंद्याच्या खाडीचा पलीकडचा काठ. अलीकडून हाक मारली तर पलीकडून ओ येते. पण पलीकडे पोर्तुगीजांचं राज्य, हद्द बंद केलेली, आणि बाई होडीत बसून बिनपरवाना आलेल्या. सत्याग्रह्यांना जेवू घातलं म्हणून त्यांच्या नवऱ्याला तिकडच्या पोलिसांनी नेलं होतं. बाई परत गेल्या असत्या तर त्यांनाही नेलं असतं. इथे भाऊ गिरणीत होता, म्हणून इथे आल्या. आमच्या चाळीने दार लावलं तर त्यांना जायला खाडीपलीकडचा तो काठ तेवढा उरत होता.

आणि हे केव्हा चाललं होतं? मराठी बोलणारा मुलूख एक झाला पाहिजे म्हणून आम्ही रोज घसा फोडत होतो त्या दिवसांत. सकाळी नळावर एका मराठी बाईला परदेशी ठरवायचं आणि संध्याकाळी मोर्चात जायचं. माझं डोकं फिरलं होतं. अजून फिरतं.

या हंड्याचा न्याय ज्यांनी केला ते आमच्या चाळीचे अध्यक्ष ठार बहिरे होते.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. चाळीत त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे, आणि मारली असती तरी ऐकू गेली नसती. उभी हयात गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर गेलेली. शेकडो साचे एकदम खडखडत असतात तिथे कानांचा उपयोग संपतो. विणणारी माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखतात. गिरणीने अध्यक्षांचे कान घेतले आणि बदल्यात काही दिलं नाही, हे मी एका पत्रकात तावातावाने छापलं होतं. त्यांनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, “चांगलं लिहिलंयस. आता कानांचं राहू दे. खात्यातला पाण्याचा माठ फुटलाय, ते छाप.”

दर रविवारी दुपारी तळमजल्यावर मंडळाच्या खोलीत वादसभा भरायची. बहिऱ्याला अध्यक्ष कोणी केलं, असं नवे भाडेकरू हमखास विचारत. एका सभेला बसले की विचारायचं थांबत. अध्यक्ष खिडकीकडे पाठ करून बसत, म्हणजे उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडे. बोलायचं असेल त्याने पुढे यायचं, त्यांच्यासमोर उभं राहायचं, सावकाश बोलायचं. मागून ओरडलेलं त्यांना दिसत नसे. दोघं एकदम बोलले तर ते एकाकडेच बघत, दुसरा आपोआप गप्प व्हायचा. तोंडात पान असेल तर आधी थुंकून यायचं. आणि भाषण लांबलं की अध्यक्ष डोळे मिटून घेत. त्यांनी डोळे मिटले की सभा संपली. माझ्या भाषणात ते बऱ्याचदा मिटत.

दुसरी खोड त्यांच्या एका शब्दाची. कितीही मोठा उपाय सुचवा, ते आधी मान डोलवत. “बरोबर,” म्हणत. आणि मग, “तोवर?” सर्वांना पक्की घरं मिळाली पाहिजेत, असं एकाने तळमळून सांगितलं. “बरोबर. आणि तोवर संडासावरचा पत्रा कोण बदलणार?” तो बिचारा दुसऱ्या दिवशी शिडी मागत फिरत होता. पोरं त्यांची नक्कल करत. कुणी म्हणालं, माझं लग्न ठरणार आहे, की चार जण एका सुरात, “बरोबर. आणि तोवर?”

हंड्याच्या पुढच्या रविवारी खोली भरून माणसं व्हरांड्यात उभी होती. विषय फळ्यावर लिहिलेला: हद्द ओलांडून बिनपरवाना येणाऱ्यांचं काय करावं. अध्यक्षांनी आनंदीबाईंना त्यांच्या भावाबरोबर पुढे बसवलं होतं. ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांच्या पाठीमागे बोलायचं नाही, एवढंच ते म्हणाले.

पहिले टिपणीस उठले. हे म्युनिसिपालटीत कारकून. त्यांनी मुद्देसूद सांगितलं की हद्दीवर कचेरी हवी, येणाऱ्याची नोंद हवी, मुदतीचा परवाना हवा, मुदत संपली की पुन्हा विचार. “नोंद नसलेल्या माणसाला मालक अर्ध्या पगारात राबवतो आणि तो तक्रारही करू शकत नाही. नोंद ही त्याच्याच फायद्याची.”

“बरोबर,” अध्यक्ष म्हणाले. “कचेरी उघडेल तेव्हा मी हार घेऊन येतो. तोवर?”

टिपणीस बसले. मग मी. मी म्हटलं, माणसं बेकायदा नसतात, पोर्तुगीजांनी ओढलेली ती रेघ बेकायदा आहे. गोवा मोकळा करा, रेघ पुसा, प्रश्नच उरत नाही. टाळ्या पडल्या. अध्यक्षांना टाळ्या मात्र दिसत.

“रेघ कधी पुसतोस?”

“लवकरच.”

“बरोबर. आणि तोवर ह्या बायने पाणी कुठनं भरायचं?”

मी जाऊन टिपणिसांशेजारी बसलो. 

तेवढ्यात मागून मापारी ओरडले. अध्यक्ष तिसरीकडेच बघत होते. पोरांनी मापारींना पुढे ढकललं. आता मापारींच्या मिशा अशा की वरचा ओठ कुणी पाहिलेला नाही. अध्यक्षांनी डोळे बारीक केले, मान हलवली. “दिसत नाही रे. मिशी वर धर.”

हसायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं आणि कुणालाच जमलं नाही. मापारींनी दोन बोटांनी मिशी वर धरली आणि तशीच धरून बोलू लागले. मिशी धरून रागावता येत नाही. पहिलं वाक्य जोरात आलं, दुसरं हळू, तिसऱ्या वाक्याला खरी गोष्ट बाहेर पडली.

“माझी बायको पण पेडण्याचीच. पण ती लग्न करून आली, रीतसर.”

“हद्द बंद व्हायच्या आधी आली. नशीब तुझं. पुढे बोल.”

“माझा झिल रोज सकाळी बदली कामगार म्हणून गेटावर उभा राहता आणि परत येता. उद्या ही लोकं कमी पैशात उभी राहतील. मग त्याचा काय? आणि शेजारच्या चाळीत पोलीस येऊन गेले, गोव्यातनं आलेली चोरटी घड्याळं हुडकायला. इथे आले तर घड्याळं गावायची नाहीत, पण या पोराच्या पत्रकांचा गठ्ठा गावतलो. मग सगळ्यांनाच नेतले.”

बोट माझ्याकडे होतं. भीती खोटी नव्हती. मोर्चाच्या पत्रकांचा तो गठ्ठा खरंच माझ्या खाटेखाली होता.

तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे वाघमारे पुढे आले. त्यांच्या घराने नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. ते अध्यक्षांकडे तोंड करून बोलले, पण ऐकायचं होतं ते मापारींनी. “हद्दीचं मला फारसं कळत नाही. हंडा बाजूला काढलेला मला कळतो. माझ्या आजीचा हंडा जन्मभर बाजूलाच होता. ती कुठल्या परदेशातून आली होती, तेवढं मापारी, सांगा.”

मापारींची बोटं मिशीवरून खाली आली. 

अध्यक्ष आनंदीबाईंकडे वळले. “आता तू बोल, बाय.” बाईंनी पदर तोंडावर धरलेला. अध्यक्षांनी फक्त आपल्या ओठांना हात लावून दाखवला. बाईंनी भावाकडे बघितलं आणि पदर खाली केला.

“माका मिलात काम नाका. कोणाच्या झिलाचा काम नाका. चार माणसांक जेवण करून घालीन. घोव सुटलो काय दुसऱ्या दिसा खाडी उतरान घरा जातलंय, तुम्ही ऱ्हवा म्हणालात तरी ऱ्हवचंय नाय. तवसर माका पाणी जाय.”

शेवटचं वाक्य अध्यक्षांनी ओठांवरून उचललं आणि आमच्याकडे वळून पुन्हा म्हटलं. “तोवर तिला पाणी पाहिजे. इतकी भाषणं झाली, तोवरचं ती एकटीच बोलली.”

कुणीतरी म्हणालं, मत घ्या. अध्यक्ष म्हणाले, “हद्दीवर हवी तेवढी मतं घ्या. पाण्यावर मत घेत नाही.” मग त्यांनी भराभर कामं वाटली. टिपणिसांनी आजच अर्ज लिहायचा, बाई कोण, कुठून आल्या, कुणाकडे राहतात, सगळं खरं. चौकीवर भावाबरोबर आपण स्वतः जाऊ. कुणी लपवायचं नाही, कुणी चहाडी करायची नाही. मापारींना म्हणाले, “मी रजेवर गेलो की माझ्या साच्यांवर तुझा पोरगा. माणसं घेणाऱ्या जॉबरला मी सांगतो.” आणि मला म्हणाले, “तो गठ्ठा आजच वाट. खाटेखाली ठेवायला छापतोस काय?”

अर्ज गेला. नळाची रांग दुसऱ्याच दिवशी सरळ झाली होती, मापारींच्या बायकोने स्वतः आनंदीबाईंचा हंडा आणून आपल्या हंड्यापुढे ठेवला होता. पण चौकीवरून निरोप यायचा होता. एके दुपारी हवालदार आला. त्याने भावाचा जबाब घेतला, बाईंचा घेतला, चहा घेतला, आणि सांगितलं, भावाच्या हमीवर राहू दे, महिन्याला एकदा हजेरी देऊन जा. एवढंच. तो जिना उतरून गेला. मग आनंदीबाई होत्या तिथेच पायरीवर बसल्या. हंडा काढून ठेवला होता त्याच पायरीवर. मापारींची बायको त्यांच्या शेजारी बसली आणि दोघी पेडण्याच्या बोलीत एकदम बोलायला लागल्या, कोण काय म्हणतंय ते अध्यक्षांनाही ओळखता आलं नसतं.

मी गिरणीच्या गेटावर धावलो. पाळी सुटली होती, भोंगा चालू होता. अध्यक्ष गर्दीत लांब दिसले. मी आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हटलं, ‘राहिली.’ त्यांनी तिथूनच हात वर केला. त्या माणसाला मोठ्याने हसताना मी तेव्हाच ऐकलं.

मोठा प्रश्नही त्यांनी वाऱ्यावर सोडला नाही. पुढचे कित्येक रविवार वाद झाला. परवाना द्यावा की नको, किती मुदतीचा, आधीच आलेल्यांना माफी द्यावी की नाही. एकमत झालं नाही. माझं आणि टिपणिसांचं अजून पटत नाही. पण पाणी भरून झालं होतं, म्हणून निवांत भांडता येत होतं.

यंदा संयुक्त महाराष्ट्र झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत अध्यक्ष गिरणी सोडून गावी निघाले. भाऊच्या धक्क्यावर निम्मी चाळ गेली होती. आनंदीबाईंनी वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या. त्यांचा नवरा अजून सुटलेला नाही. मापारींचा मुलगा आता अध्यक्षांच्या साच्यांवर आहे. बोट सुटली, भोंगा वाजला, सगळे एकदम ओरडू लागले आणि कुणाचं कुणाला कळेना. मी ओठांनी म्हटलं, ‘महाराष्ट्र झाला, अध्यक्ष. गोवाही मोकळा होईल.’ त्या सगळ्या कल्लोळात माझं बोलणं एकट्या त्या बहिऱ्या माणसाला पोचलं. कठड्यावरून त्यांनी मान डोलवली. ‘बरोबर.’ मग बोट वळली, पण पुढचा शब्द काय असणार ते मला बघायची गरज नव्हती.

खाडी ओलांडून माणसं अजून येतात. त्यांचं काय करावं यावर तुमचं मत असेल, ठेवा. माझ्या विरुद्ध असेल तर रविवारी या, समोर उभे राहा, सावकाश बोला. पण उद्या सकाळी आपल्या मजल्याच्या नळावर जा आणि जिन्याच्या पायऱ्या बघा. तिथे रांगेबाहेर ठेवलेला हंडा दिसला, तर तो कुणाचा आहे हे विचारू नका. उचला आणि रांगेत ठेवा. मग वाद घालायला या.