टाकी एक, चुली दोन

माझे मोठे मामा डोमनलाल रहांगडाले यांनी नोकरीची शेवटची वर्षं दोन भांडखोर साहेबांच्या मध्ये उभं राहून काढली, आणि निवृत्त होऊन तालुक्याच्या गोरेगावजवळच्या आपल्या गावी आले तर तिथेही तेच काम त्यांची वाट बघत बसलं होतं.

शेजारच्या राज्यातल्या कोळसा खाणीत मामा मजूर म्हणून लागले आणि ओव्हरमन, म्हणजे खाली उतरणाऱ्या मजुरांचे मुकादम, झाले. त्यानंतर त्यांना जे काम मिळालं ते मला आजवर गोरेगावच्या बाजारात कुणाला धड समजावता आलेलं नाही. जमिनीखाली कोळसा, आणि त्याच कोळशाच्या पोटात गॅस. कोळशाचा परवाना एका कंपनीकडे, गॅसचा दुसरीकडे. जमीन तीच. गॅसवाले वरून भोक पाडून लोखंडी पाइप सोडायचे आणि कोळसेवाल्यांचं यंत्र खालून नेमकं त्या पाइपाच्या दिशेनं निघालेलं असायचं. कोळसा आधी काढला तर गॅस वाया, शिवाय आत उतरलेल्यांच्या जिवाला धोका. गॅस संपायची वाट बघत बसलं तर कोळसा पडून. दोन्हीकडचे साहेब एकमेकांचं तोंड बघत नसत, आणि दोघांच्या नकाशांत एकच भोक दोन वेगळ्या जागी असायचं. मामांनी काय करायचं, तर दोघांना एका टेबलाशी आणायचं, गरम समोसे मागवायचे आणि कुणी कुठे कधी खोदायचं याची पाळी लावून द्यायची. ‘आधी गॅस, मग कोळसा’ हे ते जप केल्यासारखं म्हणत. समोसे नसते तर निम्मी पाळी लागली नसती, हेही तेच सांगत.

घरी आले तेव्हा त्यांच्या आणि धाकट्या भावाच्या, छोटेलालमामांच्या, चुली वेगळ्या होऊन काही वर्षं झाली होती. शेत वाटलं, बैल वाटले, अंगणात भिंत आली. एक गोबरगॅसची टाकी तेवढी वाटता आली नाही, कारण ती जमिनीत पुरलेली आणि बरोबर भिंतीच्या रेषेत. म्हणून तिथे भिंत तोडून जागा ठेवली होती. वरून एक पाइप डोमनलालमामांच्या स्वयंपाकघरात, दुसरा छोटेलालमामांच्या. शेण दोघांकडचं, पण खरं पाहिलं तर छोटेलालमामांच्या म्हशींचंच जास्त.

भांडण सरळ होतं. रामकलीमामींना, म्हणजे डोमनलालमामांच्या पत्नीला, चुलीला गॅस हवा होता. छोटेलालमामांना आपल्या वांग्याच्या वाडीला खत म्हणून टाकीतली स्लरी, म्हणजे शेणाचा पातळ काला, हवी होती. ते बादल्यांवर बादल्या उपसायचे आणि इकडे चूल मंदावायची. त्यात थंडी लागली की गॅस तसाही कमी बनतो. दिवाळीच्या तोंडावर छोटेलालमामांनी सांगून टाकलं, “मंडई झाली का मी माया आवारात नवी टाकी खोदतो. मायं शेण मायाजवळ. मंग कोनाची कटकट नाई.”

डोमनलालमामांनी हे फार मनाला लावून घेतलं. मी त्यांचा भाचा. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, पण मनातलं सांगायची रीत नाही. तरी त्या दिवशी ते मला म्हणाले, “टाकी गेली का भाऊ गेला, भाचे. दुसरं काय रायलं आता दोघाइत?” मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला, कारण मोठे दोघेही होते आणि शहाणा एकही दिसत नव्हता.

मग मामांनी गोठ्याच्या भिंतीवर खडूनं पाळी लिहिली. सकाळी गॅस इकडे, मग तिकडे, संध्याकाळी उलट. स्लरी उपसायची ती दोन्हीकडचा स्वयंपाक उरकल्यावर, आणि तीही मोजकीच. आधी गॅस, मग वांगी. छोटेलालमामांना त्यांनी गोरेगावहून समोसे आणून चारले. त्यांनी समोसे खाल्ले, पाळी कबूल केली आणि खरोखर पाळली.

तरी गॅस पुरेना. उलट आणखी कमी झाला. सकाळी चहा व्हायचा, भात व्हायचा, आणि संध्याकाळी ज्योत बोटभर उंचीची. रामकलीमामींना वाटे की पलीकडे चोरून पाणी तापवतात. पलीकडच्यांना वाटे की इकडे नुसतं दूध आटवतात. छोटेलालमामा रस्त्यात भेटले की सुनवायचे, “तुया मामीनं गॅस पिऊन टाकला ना बे.” पाळी लावणारा माणूस खडू हातात घेऊन भिंतीपुढे उभा राहायचा आणि डोकं खाजवायचा. साहेबांच्या भांडणात कधी हात टेकले नाहीत, ते इथे टेकायची वेळ आली होती.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. ज्या गावची मंडई, त्या गावात पाहुण्यांना तोटा नाही. लेकी, जावई, भाचे, सगळे दंडारीचा नाच-तमाशा बघायला आणि खाऊन-पिऊन जायला येतात. मीही गेलो. दोन्ही घरं माणसांनी भरली होती. दिवस मावळायच्या आत, त्या दिवसापुरती पाळी बाजूला ठेवून, दोन्हीकडे पुऱ्यांच्या कढया चढल्या, आणि पहिला घाणा फुगायच्या आधीच दोन्ही चुली एकदम विझल्या.

रामकलीमामी झारा घेऊन अंगणात आल्या. छोटेलालमामा तिकडून आले. भिंतीच्या तुटक्या भागात, टाकीच्या घुमटावर, दोघं समोरासमोर. पाहुणे दंडार सोडून इकडेच बघायला लागले, आणि दंडारीपेक्षा इथे गर्दी जास्त झाली.

“वहिनी, दुपारी काय शिजवलं तुमी?” छोटेलालमामांनी विचारलं.

“मी? मी तं सकाळच्या सैपाकानंतर चूल पेटवली नाई. काऊन बोलून रायले असे?”

“मंग गॅस कोन खाल्ला? आजच सांगतो सगळ्यायसमोर. उद्या सकाळी खोदतो मी. पाऊन घ्या.”

डोमनलालमामा मध्ये आले, दोन्ही हात वर करून, खाणीत दोन साहेबांना शांत करायचे तसे. टाकी हातची जात होती आणि त्यांना कळत होतं.

तेव्हा दुर्पतामामी बोलल्या.

इथे थोडं सांगायला हवं. दुर्पतामामी या छोटेलालमामांच्या पत्नी. आमच्याकडे धाकट्याची बायको नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, म्हणजे भासऱ्याशी, बोलत नाही. तो समोर आला की पदर पुढे ओढायचा आणि वाट सोडायची. अगदीच काही सांगायचं असेल तर शेजारच्या पोराला सांगायचं, नाहीतर गाईम्हशींना, आणि भासऱ्यानं ते ऐकून घ्यायचं. पुष्कळ घरांनी ही रीत केव्हाच सोडली. दुर्पतामामींनी लग्न होऊन आल्यापासून पाळली होती. मला ती कधी आवडली नाही, पण मला विचारतो कोण.

पदर नाकापर्यंत होता. आवाज मात्र सगळ्यांना ऐकू गेला. भासऱ्याला काय म्हणून हाक मारायची हेच त्यांना ठाऊक नव्हतं, कारण कधी मारलीच नव्हती. म्हणून त्यांनी आपली मुलगी दिव्या म्हणते तेच म्हटलं.

“मोठेबाबा, गॅस कोनी खाल्ला नाई. तुमीच सोडता. रोज दुपारी, सगळे झोपले का पाइपाची तोटी खोलता. मी दारातून पायतो. म्हशीले सांगून सांगून थकली मी.”

मग मला आठवलं. गेल्या महिन्यात मी आलो होतो तेव्हा दुर्पतामामी गोठ्यात म्हशीला मोठमोठ्यानं बजावत होत्या की तोटी बंद ठेव गं बाई, हवा वाया जाते. डोमनलालमामा बाजूलाच होते. ते मला म्हणाले होते, छोटेलालची बायको चांगली आहे, फक्त जनावरांशी फार बोलते.

“हो,” डोमनलालमामा म्हणाले. “सोडतो ना. सोडा लागते.”

“कायले?” छोटेलालमामांचा आवाज चिरकला.

पाइपात साचलेलं पाणी काढायला खाली एक तोटी असते. पाणी निघालं की ती बंद करायची. मामा बंद करत नसत. सुसू आवाज थांबेपर्यंत उभे राहत, आणि चूल त्यानंच मंदावते हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. “गॅस साचू द्याचा नसते, छोटू,” ते म्हणाले. “इंद्रकुमार खाणीत मायासंगच होता. साचलेल्या गॅसनं पेट घेतला. तो वाचला, पन हात असे झाले का चाहाचा कप धरता नाई ये. मले झोप नाई ये, अंगनात गॅस भरून हाये समजलं का. तुमी सगळे इथंच झोपता.”

हे त्यांनी रामकलीमामींनाही कधी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा हसलं कोण ते सांगता येत नाही, पण मला वाटतं छोटेलालमामाच. हसता हसता ते घुमटावरच बसले आणि डोळे पुसू लागले, आणि ते नुसतं हसण्याचं पाणी नव्हतं. मग वहिनींकडे वळून म्हणाले, “चुकलो जी मी. तुमच्यावर नाव ठेवलो.” रामकलीमामींनी झारा उगारला, पण मारला नाही.

पुऱ्या शेवटी अंगणात तीन दगड मांडून लाकडांवर तळल्या. चूल एकच होती, म्हणून दोन्हीकडच्या पाहुण्यांनी एकाच पंगतीत खाल्लं. नव्या टाकीचं कुणी काढलं नाही. डोमनलालमामांनी छोटेलालमामांना दोनदा विचारलं, “खोदत तं नाई ना?” दुसऱ्यांदा छोटेलालमामांनी त्यांच्या ताटात आणखी वांगी वाढली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि घर झोपलं. मी ओसरीवर पडलो होतो. डोमनलालमामा हळूच उठले, चपला न घालता अंगणात गेले आणि टाकीजवळ वाकले. हात तोटीपर्यंत पोहोचला असेल नसेल.

“मोठेबाबा,” पलीकडच्या दारातून दुर्पतामामी म्हणाल्या. “पानी निघालं का बंद करा. मी हाये इथं जागी.”

मामा थांबले. मग म्हणाले, “हो, बाई.” त्यांनी तोटी उघडली, चार थेंब पडू दिले, फिरवून घट्ट बंद केली, आणि येऊन माझ्या शेजारी झोपले. थोड्याच वेळात ते घोरू लागले.