पाठ टेकल्यावर

नातीची जुजुत्सू, ती जपानी कुस्ती, बघायला गेलो होतो. ती चटईवर उताणी पडली, तिच्याशी लढणाऱ्या, वर आलेल्या पोरीच्या दोन्ही बाह्या तिनं मुठीत धरल्या आणि तळपाय तिच्या दंडांना लावले. ही पकड म्हणे फार कुणी शिकवत नाही.

मी मातीतला माणूस. पाठ टेकली की कुस्ती संपली, एवढंच शिकलो. म्हणालो, "ऊठ गं, हरलीस तू."

"गप बसा हो आजोबा, आत्ता कुठं सुरू झालंय," ती खालूनच बोलली. वरच्या पोरीला बाह्या काही सुटेनात.

माझी बायको गेली त्याआधी पाच महिने अंथरुणाला पाठ लावून होती. मी उठायला लागलो की बाही धरायची. मला वाटायचं, आता हरली ही. एकेक बोट सोडवून मी बाहेर जाऊन बसायचो. शेवटच्या दिवशीही सोडवली. बोटांत जोर होता तिच्या. ती लढत होती, आणि मी तिला हरलेली समजून उठून जात होतो.

खेळ संपल्यावर नातीनं माझी बाही धरली. "आता तुम्ही सोडवून दाखवा."

मी हात तसाच राहू दिला.