जाळीच्या आतलं पिल्लू

आमच्या बिल्डिंगच्या मॅनेजरने मला फसवलं. इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीतल्या माझ्या बाल्कनीत येणारे होले, म्हणजे कबुतराहून सडपातळ पक्षी, त्याने कबुतरं ठरवले.

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मी दोन महिने फ्लॅटमध्ये अडकलो होतो. लेकीने बाल्कनीत दाण्यांची ताटली टांगली आणि पक्षी ओळखायला शिकवलं. मानेमागे काळी पट्टी असेल तो कंठी होला. त्याहून लहान, गळ्याखाली काळे ठिपके असलेला तो छोटा होला. कबूतर जाडजूड, मानेवर हिरवट-जांभळी चमक. तसा एकही आमच्याकडे आला नाही.

एक दिवस मॅनेजर दारात येऊन म्हणाला, "भाईसाहब, कबूतर को दाना डालना मना है. फाइन लगेगा, जाली भी."

"ये कबूतर नहीं है. गर्दन तो देखो."

"मेरे लिए सब कबूतर है, हबीबी."

लेक म्हणाली, "बाबा, ही इजन्ट ईव्हन लुकिंग."

ड्रॅगन मार्टच्या चिनी बाजारातल्या दुकानदारांना भाव पाडून घाम फोडणारा मी. तासभर घासाघीस करून दंड माफ करून घेतला आणि जाळीला हो म्हणालो. सौदा जिंकल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कामगार जाळी ठोकून गेले. संध्याकाळी छोट्या होल्याची मादी बाहेरून जाळीवर पंख आपटू लागली, तेव्हा एसीमागचं घरटं दिसलं. पिल्लू आत राहिलं होतं. कुबडीवर तोल सावरत मी जाळी कापली.

आता जाळी कापल्याची नोटीस आली आहे. तिचं उत्तर मी देईन. आधी मॅनेजरने माझ्या बाल्कनीत उभं राहावं आणि या पक्ष्यांतलं कबूतर कोणतं, ते बोट दाखवून सांगावं.