रिंग ढिली आहे

जगातल्या कुठल्याही बास्केटबॉलच्या रिंगवर आमच्या सरांचा काडीचाही विश्वास नव्हता. बाकी सगळ्यांवर होता. हवामानखात्यावर होता, उसनी पुस्तकं नेणाऱ्या मुलांवर होता, दुधात पाणी घालणाऱ्या भय्यावरसुद्धा होता. पण रिंग म्हटली की ती ढिली असणारच, असं त्यांचं ठाम मत होतं. चेंडू आत गेला तर मुलगी हुशार, बाहेर गेला तर रिंग ढिली. या हिशेबात आमची चूक बसायला जागाच नव्हती.

मुलुंड तेव्हा आजच्याइतकं वाढलं नव्हतं. शाळेच्या मैदानातून डोंगर दिसायचा, आणि मैदानात कोण कोण बागडतंय हे संध्याकाळपर्यंत आमच्या आयांना कळायचं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कुणा व्यापाऱ्याने शाळेला बास्केटबॉलचे दोन खांब भेट दिले आणि मुलींचा संघ कोण घेणार, असा प्रश्न शिक्षकांच्या बैठकीत निघाला. भूगोलाचे सर त्या दिवशी रजेवर होते, म्हणून एकमताने त्यांची निवड झाली. सर मूळचे वेंगुर्ल्याकडचे, तरुणपणी खो-खो खेळलेले. बास्केटबॉल त्यांनी फक्त फोटोत पाहिला होता. पण नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मग त्यांनी हा खेळ आपल्या पद्धतीने लावून घेतला. पास देण्याला ते ‘वाढणं’ म्हणत. एखादी चेंडू घेऊन एकटीच पुढे निघाली की बाजूने ओरडा यायचा, “अगं वाढ, वाढ! पंगत उपाशी बसलीय!” चेंडू आपटत कुणी फार रेंगाळली की, “वरात काढलीयस काय? नवरदेव म्हातारा होईल!” दुसऱ्या शाळांचे कोच शिट्ट्या फुंकत, इंग्रजीत सूचना देत. आमच्या सरांच्या सूचना ऐकून समोरच्या संघाच्या मुलींनाच हसू फुटायचं, आणि तेवढ्यात आम्ही एखादी बास्केट करून घ्यायचो.

सरांच्या पँटच्या मागच्या खिशात कायम एक भलामोठा पाना असे. त्याच्या वजनाने खिसा फाटायचा, म्हणून त्यांच्या बायकोने आतून पिशवीचं जाड कापड शिवून दिलं होतं. सरावात एखादीचे चेंडू सारखे चुकायला लागले, तिचा चेहरा रडवेला झाला, की सर हात वर करून खेळ थांबवायचे. “थांबा. रिंग ढिली झालीय. तात्या, शिडी!” तात्या म्हणजे आमच्या शाळेचे शिपाई, मालवणकडचे, मोजकं बोलणारे. ते लाकडी शिडी आणून खांबाला लावत आणि खाली धरून उभे राहत. सर वर चढत आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ ठकठक करत. मग खाली उतरून हात झटकत म्हणत, “आता टाक.” आणि आश्चर्य म्हणजे बहुतेक वेळा चेंडू आत जायचा.

सर वर नेमकं काय करतात याचं मला विलक्षण कुतूहल होतं. मी खालून मान वाकडी करून पाहायची. पण सरांच्या पाठीशिवाय आणि त्यांच्या बनियनच्या भोकाशिवाय काही दिसायचं नाही. एकदा धीर करून म्हटलं, “सर, आज मी चढू का? कुठला नट आवळायचा तेवढं सांगा.” सर म्हणाले, “तू वर गेलीस तर खालून टाकणार कोण? मी? माझा एक बॉल तरी आत जाईल काय?” आणि स्वतःच खो खो हसत शिडी चढून गेले.

नववीच्या शेवटाला आमच्या बाबांनी एक अट घातली. ते ऑफिसात हेडक्लार्क होते आणि घरीही त्याच खुर्चीत बसल्यासारखं बोलत. “घाटकोपरची मॅच जिंकलात तर पुढच्या वर्षी खेळ. हरलात तर बास. दहावी आहे.” वर, स्वतः मॅच बघायला येणार असंही जाहीर केलं. माझा त्या खेळावर किती जीव होता ते कुणाला सांगून पटलं नसतं. दोन रात्री मला धड झोप लागली नाही.

मॅच संपत आली तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो आणि दोन फ्री थ्रो माझ्या वाट्याला आले. पहिला रिंगवर आदळून बाहेर. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात सरांनी हात वर केला. “पंच, जरा थांबा. रिंग ढिली आहे. शिडी मिळेल काय?”

पंच बघतच राहिले. “अहो सर, डोकं ठिकाणावर आहे ना? ही मॅच चालू आहे!”

“मॅचसाठीच म्हणतोय. मुलीचं नुकसान होतंय.”

शिडी काही मिळाली नाही. सर सरळ मैदानात घुसले आणि पान्याने खांबावर ठकठक ठकठक करायला लागले. सगळं मैदान त्यांच्याकडे पाहत होतं. मी फ्रॉकच्या बाहीने डोळे पुसले. पंचांनी शिट्टी फुंकून सरांना पार फाटकाबाहेर काढलं. जाता जाता सर म्हणाले, “आता टाक.” मी टाकला. गेला! बरोबरी झाली. पण जादा वेळेत एका बास्केटने आम्ही हरलो.

घरी जाताना बाबा बसस्टॉपपर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालत होते. माझा जीव नुसता टांगणीला. शेवटी म्हणाले, “रिंग ढिली होती गं. मी स्वतः बघितलं. नाहीतर पहिलाच बॉल आत होता.” मग चष्मा पुसत विचारलं, “उद्या प्रॅक्टिस कितीला?” आमच्या हेडक्लार्क बाबांनी आयुष्यात रद्द केलेला तो एकमेव हुकूम.

गेल्या वर्षी सर गेले. शाळेत शोकसभा होती. ती संपल्यावर मी मैदानात गेले. तात्या कठड्यावर बसले होते, पुरते म्हातारे झालेले. इतक्या वर्षांचं कुतूहल मी त्यांच्यापुढे ठेवलं, “तात्या, सर वर कुठला नट आवळायचे हो?”

“नट खयसून येतलो? रिंग वेल्डिंगची. पयल्या दिसापासून.”

“मग ती ठकठक?”

“पोरगी रडता ता कोणाक आयकाक येव नये म्हणान. माका सांगीत, तात्या, शिडी घट्ट धर आणि वर बघ. पोरीकडे बघू नको.”

मला सरांची फार आठवण आली. समोर शाळेच्या मुली सराव करत होत्या. त्यातल्या एका बारक्या मुलीचा चेंडू तिसऱ्यांदा बाहेर गेला आणि ती मान खाली घालून बुटाची नाडी उगीचच सोडायला लागली. मी तात्यांना विचारलं, “ती शिडी आहे का हो अजून?”

“शिडी आसा गो,” तात्या म्हणाले. “पण पानो सर घेवन गेले.”