मिरच्यांचं ऊन

आमच्या लालबागच्या चाळीमागचं पटांगण कागदोपत्री कुणाचं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. मार्चपासून मेपर्यंत ते आईच्या मिरच्यांचं असायचं, एवढं मात्र सगळ्या चाळीला ठाऊक होतं. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हापासून आई मालवणी मसाला करून देते. मसाला गल्लीतून मिरची आणायची, जुन्या सुती साड्यांवर तीन दिवस कडक उन्हात वाळवायची, देठं काढायची, भाजायची आणि डंखावर, म्हणजे कांडपयंत्रावर, कुटून आणायची. या मसाल्यावर मी बी.कॉम. झाले. वडील गेल्यावर मी म्हटलं, आता पुरे कर, मी कमावते आहे. तर म्हणाली, "तुझे पैसे तुका. माझो मसालो माका." तीन महिने राबून ती वर्षभर कुणापुढे हात पसरत नाही. पंचाहत्तरी उलटलेल्या बाईला याहून मोठा मान तो काय असणार?

त्या पटांगणात एका दिवाळीनंतर पत्रे येऊन पडले. नायगावच्या जुन्या चाळी पाडून टॉवर व्हायचे होते आणि तिथल्या काही कुटुंबांसाठी आमच्यामागे ट्रान्झिट कॅम्प उभा राहिला. चाळीतल्या एका आजोबांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'निर्वासितांची छावणी' ठेवलं. फाळणीनंतर शीवला आलेले निर्वासित त्यांनी लहानपणी पाहिले होते. ती माणसं मुलूख सोडून आली होती आणि ही चालत अर्ध्या तासावरून आली होती. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

कॅम्प आला आणि आमच्या नळाची धार करंगळीएवढी झाली. पहाटेचं तासाभराचं पाणी, त्यात कॅम्पवाल्यांनी पाणी ओढायच्या मोटारी लावलेल्या. मागचं गटार एका चाळीच्या हिशेबाने बांधलेलं, ते दर आठवड्याला तुंबायला लागलं. रानभेंडीची दोन जुनी, डेरेदार झाडं पत्र्यांच्या आड आली म्हणून तोडली गेली. पत्रे तापले की आमच्या मागच्या खोल्यांतून भट्टीसारखी झळ यायची. दुसरीकडे वाण्याने नवा काउंटर टाकला, इस्त्रीवाल्याला उसंत मिळेना, चाळीतल्या एकीचे पोळीभाजीचे डबे दुप्पट झाले. ते सगळे कॅम्पच्या जिवावर चालले होते, पण त्याबद्दल चाळीत कुणी अवाक्षर काढत नसे. कॅम्पातली बहुतेक कुटुंबं बौद्ध होती. जात हा शब्द आमच्याकडे कुणी उच्चारला नाही, आम्ही सुशिक्षित आहोत. आम्ही नुसतं "ते लोक" म्हणायचो आणि सगळ्यांना कळायचं.

आईच्या वाट्याला उरली चाळ आणि कॅम्पच्या मधली एक पट्टी. तिच्यावर साडेदहा ते दोन ऊन यायचं. पट्टीच्या कडेने ते गटार आणि समोर कॅम्पच्या खालच्या खोल्यांची दारं. पहिल्या दाराशी राहायची ती बाई माझ्याच वयाची, पन्नाशीची, पालिकेच्या दवाखान्यात आया होती. तिच्या नवऱ्याला दमा होता.

पहिल्याच उन्हाळ्यात ती आईपाशी आली. हात जोडून म्हणाली, "मावशी, मिरची जरा लांब पसराल का? ह्यांना रात्रभर ठसका लागतो."

आई काही बोलायच्या आत मीच बोलले. माझी जीभ अशीच आहे, डोक्याच्या आधी पोचते. "लांब म्हणजे कुठे? तुमच्या पत्र्यांवर? पटांगण आमचं होतं आधी."

"आम्ही कुठे मागितलं होतं, ताई," ती म्हणाली आणि गेली.

आईने दुसऱ्या दिवसापासून साड्या हातभर आमच्या भिंतीकडे ओढल्या. मला ते आवडलं नाही. आज हातभर, उद्या वावभर, असं मी तिला सुनावलंही.

दुसऱ्या उन्हाळ्यात पाण्याने डोकं फिरवलं. दोन दिवस नळाला थेंब नव्हता. चाळीच्या बैठकीत ठरलं, वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यायचा: कॅम्पच्या मोटारी जप्त करा आणि तुंबलेलं गटार तातडीने उघडून साफ करा. अर्ज मी लिहिला. विमा कंपनीत तीस वर्षं पत्रं लिहिते आहे, समोरच्याला टाळता येणार नाही असं लिहायची सवय आहे. 'आमच्या आरोग्यास गंभीर धोका' असं मी दोनदा लिहिलं. पहिली सहीसुद्धा माझीच.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, म्हणतात. इथे आठव्या दिवशी माणसं हजर. मी लोअर परळला ऑफिसात होते. साडेअकराच्या सुमारास शेजारणीचा फोन आला, "मोटारी उचलल्या गं! आता गटार उघडतायत." मी खुशीत चहा मागवला. चहा अर्धा झाला आणि मला आठवलं की पट्टीवर मिरच्या आहेत. साठ किलो. आईची वर्षाची सगळी बेगमी, वाळवणीचा तिसरा दिवस. गटाराशी मिरच्या वाळत असतात, हे मी अर्जात कुठेच लिहिलं नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आईला फोन लावला, ती उचलेना. टॅक्सीत मी देवाचं नाव घेतलं नाही, नुसते सिग्नल मोजले. त्या मिरच्यांत गटाराचं पाणी गेलं तर आई पुन्हा मसाला करणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. एवढी मिरची पुन्हा भरायची ताकद तिच्या अंगात नव्हती आणि माझ्या पैशाने ती भरली नसती.

पोचले तेव्हा पट्टीवर घोट्याएवढं काळं पाणी होतं. गटार ढोसललं तसं ते उलटं फिरून वर आलं होतं. साड्या नव्हत्या. मिरच्याही नव्हत्या. आई कॅम्पच्या पहिल्या दाराच्या पायरीवर बसली होती, पाय चिखलाने माखलेले.

"पाणी येताना हिने पाहिलं," ती म्हणाली. "चार बायका हाकारल्यान. साड्यांची टोकं धरली नि उचलून आत नेल्यान."

मी आत डोकावले. दहा बाय बाराची ती खोली लाल झाली होती. पलंगावर मिरच्या, जमिनीवर मिरच्या, शिलाई मशीनवर मिरच्या. उरलेल्या आईच्या पितळी परातीत रचून कोपऱ्यात ठेवलेल्या. माझ्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिचा नवरा कुठे दिसेना. मग दिसला. गल्लीच्या तोंडाशी भर उन्हात प्लास्टिकच्या खुर्चीवर, तोंडाला ओला पंचा धरून बसला होता. आपल्या घरात त्याला श्वास घेता येत नव्हता.

ती बाई पदराने हात पुसत बाहेर आली. "अर्ज तुम्हीच लिहिलात ना?" तिने विचारलं. "वॉर्डातले साहेब वाचून दाखवत होते. छान लिहिलंय."

संध्याकाळी आम्ही मिरच्या आमच्या खोलीत आणल्या. परात तेवढी तिच्याकडे राहिली.

तिसऱ्या दिवशी गिरगावातल्या काकू आल्या. आईचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. स्वतःसाठी, बहिणींसाठी, अमेरिकेतल्या मुलीसाठी, असा निम्मा मसाला त्यांच्याकडेच जायचा. भाजण्याआधी मिरचीचा वास घेऊन बघायची त्यांची पद्धत होती. आई देठं काढत होती, मी काकूंना पाणी दिलं. काकूंनी एक मिरची मोडून नाकाशी धरली आणि म्हणाल्या, "कॅम्पात पटांगण गेलं म्हणे तुमचं. मग वाळवता कुठे? त्या लोकांच्यात नाही ना ठेवत?"

त्या चांगल्या बाई होत्या. माझ्या फीचे पैसे एकदा त्यांनी आगाऊ दिले होते. मी आईकडे पाहिलं, आईचे हात थांबले होते. आणि मी हसून म्हटलं, "छे हो, काकू. कॅम्पातल्या कुणाचा हातसुद्धा लागत नाही आमच्या मिरचीला."

वळले तर दारात ती उभी. हातात आमची परात, घासूनपुसून लख्ख केलेली, आणि परातीत मूठभर साखर. भांडं रिकामं परत देऊ नये, ही रीत तिच्या घरातही होती.

"मावशी, परात आणली," ती म्हणाली. उंबऱ्यावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता जिना उतरली. काकूंनी "कोण गं ही?" म्हणून विचारलं. "शेजारची," मी म्हटलं.

काकू गेल्यावर आई माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती परातीकडे बघत म्हणाली, "तू खोटा बोललंस. पण मी पण गप रवलंय." ती साखर तिने वाटीत काढून फडताळात ठेवली. चहात घातली नाही, मुंग्यांनाही लागू दिली नाही.

मी त्या दारी जाऊन माफी मागायला हवी होती. अंतर वीस पावलांचं होतं. मी उद्या उद्या करत राहिले. ती समोर दिसली की मोबाईल बघायचे. अख्खं वर्ष असं गेलं आणि मग त्यांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. कॅम्प आठवडाभरात उठला. पटांगण परत आलं ते सिमेंटच्या तुकड्यांनी, काचांनी भरलेलं. तिथे साडी पसरायची सोय नाही. आई आता गच्चीवर मिरच्या नेते, एकेक पायरी चढत.

या मे महिन्यात मसाला झाला तेव्हा तिने पहिल्या खेपेचा एक डबा भरला. स्टीलचा, कडीचा. माझ्यापुढे ठेवला. "नायगावाक जा. तिका दी. नि डबो परत हाड."

टॉवरचा चौदावा मजला. लिफ्टमध्ये मी वाक्य पाठ करत होते. दार तिनेच उघडलं. मागे खिडकीतून भरपूर उजेड येत होता, नवरा पलंगावर पेपर वाचत बसला होता. मी डबा पुढे केला. "आईने दिलाय. त्या दिवशी मी खोटं बोलले. मला माफ करा."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी तिथंच होते." तिने डबा हातात घेतला. "हे त्या काकूंसमोर बोलायचं होतं, ताई."

ती डबा घेऊन आत गेली, मी दारातच उभी राहिले. आतून भांड्याचा आवाज आला, नळाचा आवाज आला. ती परत आली, डबा माझ्या हातात दिला. "मावशींना सांगा, मिळाला. गुडघे सांभाळा म्हणावं." आणि दार लावलं, अगदी हळू.

घरी आले तर आई वाटच बघत होती. फडताळातली साखरेची वाटी तिने जवळ काढून ठेवली होती. तिने कडी काढून डबा उघडला. धुऊन, पुसून कोरडा केलेला होता. आत काहीच नव्हतं.